प्रदूषणावर कर, कमाईवर सूट: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमाईवरचा कराचा बोजा कमी करावा आणि तेवढाच बोजा धूर, सांडपाणी, कोळसा आणि पाण्याच्या उपशावर टाकावा, या कल्पनेबद्दल मागवाले, डाइंगवाले (सूत-कापड रंगवणारे), ऊसकरी, नोकरदार आणि विडी वळणाऱ्या बायका जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उदाहरणांत एकच दर धरला आहे: एक टन कार्बन डायऑक्साइडला ५०० रुपये (पुढे नुसतं ‘कार्बन’ म्हटलं तरी हाच वायू). हा दर कोणत्याही सरकारने जाहीर केलेला नाही, तो फक्त आकडेमोडीसाठी घेतला आहे. हजाराचा दर धरायचा असेल तर उत्तरं दुप्पट करा.

१. ही अदलाबदल म्हणजे नेमकं काय?

आज माणसाने काम केलं, पगार घेतला, नफा कमावला की त्यावर कर बसतो. रंगाचं पाणी नाल्यात सोडलं, तर त्याची किंमत मात्र नाल्याकाठी बोअर असलेला शेजारी मोजतो. सोडणाऱ्याच्या हिशोबवहीत ती कुठेच दिसत नाही. ही किंमत कराच्या रूपाने त्याच्या वहीत आणावी, असं ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलं. अदलाबदलीचा विचार त्याच्या एक पाऊल पुढे जातो. प्रदूषणावरच्या करातून आलेली रक्कम सरकारने नव्या खर्चाला न लावता कमाईवरचे कर तेवढ्याने उतरवायचे. पहिलं झालं आणि दुसरं झालंच नाही, तर तो साधा नवा कर ठरतो.

२. म्हणजे शेवटी आणखी एक कर. आधीचे कमी आहेत का?

शंका रास्त आहे, आणि भारतातला अनुभव ती वाढवणाराच आहे (प्रश्न ५). अशा कोणत्याही प्रस्तावात तीन गोष्टी शोधा. कोणता जुना कर किती उतरणार, हे त्याच कायद्यात लिहिलंय का? दोन्ही बदल एकाच तारखेला लागू होतात का? जमा किती झालं आणि परत किती गेलं, याचा हिशोब दरवर्षी जाहीर करायचं बंधन आहे का? यातली एक गोष्ट जरी नसली तरी ‘सूट नंतर देऊ’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

३. प्रदूषण मंडळाचा दंड आहेच की. वेगळा कर कशाला?

दंड मर्यादा ओलांडल्यावर लागतो. कराचं तसं नाही, तो पहिल्या किलोपासून लागतो. सांडपाण्यातल्या सीओडीची (पाण्यातली घाण मोजायचं एक माप) मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम असेल, तर २४० वर थांबणाऱ्याला १०० पर्यंत उतरण्यात आज एका रुपयाचाही फायदा नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. मंडळाची संमती फी कारखान्याच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. कमी पाणी पिणारं नवं यंत्र घेतलं तर गुंतवणूक वाढते आणि फी वरच्या पायरीत जाऊ शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये पर्यावरण भरपाईसाठी आणलेल्या सूत्रात उद्योगाचा गट (लाल ८०, नारिंगी ५०, हिरवा ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा एक ठरावीक गुणक, उद्योगाचा आकार आणि गावाची लोकसंख्या यांचा गुणाकार होतो. त्यात किती किलो घाण बाहेर पडली याला जागाच नाही. दंड हवाच, चोराला तोच लागू पडतो. पण नियम पाळणाऱ्याला आणखी सुधारायला लावण्याची ताकद त्यात नाही.

४. हे कुठे प्रत्यक्षात झालंय का, की नुसतं पुस्तकात आहे?

झालंय. यशाबरोबर अपयशाचेही नमुने आहेत.

स्वीडनने १९९१ मध्ये टनाला साधारण २५० क्रोनर दराने कार्बन कर आणला आणि त्याच सुमारास आयकराचे दर मोठ्या प्रमाणात उतरवले. जर्मनीने १९९९ ते २००३ या काळात पाच टप्प्यांत इंधन आणि विजेवरचा कर वाढवला, आणि त्यातली बहुतेक रक्कम निवृत्तिवेतनाची वर्गणी कमी ठेवायला वापरली. ब्रिटनने १९९६ मध्ये कचरा पुरण्यावर कर लावला आणि मालकांची सामाजिक विम्याची वर्गणी ०.२ टक्के बिंदूंनी उतरवली.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनाला १० डॉलरने सुरुवात केली आणि २०१२ पर्यंत दर ३० डॉलरवर नेला. आयकर उतरवला आणि कमी उत्पन्नाच्या घरांना थेट पैसे दिले. तरीही ग्राहकांवरचा हा कर १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. फ्रान्समध्ये २०१८ साली डिझेलवरच्या करवाढीविरुद्ध पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. गावाकडच्या माणसाला गाडीशिवाय पर्याय नव्हता आणि वाढीतलं त्याच्या हातात काहीच परत येत नव्हतं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. २०१२ मध्ये टनाला २३ डॉलर दर लावताना आयकराची करमुक्त मर्यादा ६,००० डॉलरवरून १८,२०० वर नेली. २०१४ मध्ये कार्बनचा दर रद्द झाला, पण वाढलेली मर्यादा तशीच राहिली. दिलेली सूट काढून घ्यायला कुणी धजत नाही. प्रदूषणाचा कर मात्र एका निवडणुकीत जातो.

५. भारतात असं काही कधी झालंय का?

अर्धं झालंय. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. आपल्याकडच्या एक टन कोळशातून दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हा दर कार्बनच्या टनाला साधारण २५० रुपये पडत होता. जगाच्या तुलनेत तो अगदीच नगण्य नव्हता.

फसलं ते दुसऱ्या अर्ध्यात. त्या बदल्यात कमाईवरचा कोणताही कर उतरवला गेला नाही. स्वच्छ ऊर्जेच्या निधीतला मोठा भाग वर्षानुवर्षं वापराविना राहिला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हाच ४०० रुपयांचा उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला आणि पर्यावरणाशी त्याचं नातं नावापुरतंही उरलं नाही. पाण्यावरचा १९७७ च्या कायद्याचा उपकरही त्याच वर्षी रद्द झाला.

६. आता कोळशावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे कर वाढलाच ना?

दर वाढला. कर मात्र प्रत्येकासाठी वाढलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०० रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. टनाला २,००० रुपयांचा कोळसा धरा: आधी १०० अधिक ४०० असे ५०० रुपये लागायचे, आता ३६० लागतात. ४,००० रुपयांच्या कोळशाला आधी ६०० लागायचे, आता ७२०. बरोबरी साधारण ३,०७७ रुपयांना होते. म्हणजे स्वस्त, जास्त राखेचा, कमी उष्मांकाचा कोळसा हलका सुटला आणि चांगल्या कोळशावर बोजा वाढला. कर वजनावर न लावता किमतीवर लावला की असंच होतं.

यात आणखी एक खाच आहे, ती आपल्या प्रोसेस हाऊसवाल्यांनी सीएकडून समजून घ्यावी. जुन्या उपकराची वजावट तयार कपड्यावरच्या जीएसटीतून मिळत नव्हती, त्यामुळे तो खर्च म्हणून अंगावर बसायचा. नियमित नोंदणी असलेल्याला कोळशावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो. कागदावर १८ टक्के, पण मालकाच्या खिशातून कायमचं फारसं काही जात नाही. वीज जीएसटीच्या बाहेर असल्याने औष्णिक केंद्राला हे क्रेडिट मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या) छोट्या युनिटलाही नाही. ज्या कराचं क्रेडिट मिळतं, तो प्रदूषण कर म्हणून काम करत नाही.

७. माझ्या घरखर्चावर महिन्याला किती फरक पडेल?

५०० रुपये टन या दराने: ग्रिडच्या एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे युनिटला ३५ पैसे. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, म्हणजे साधारण १ रुपया १५ पैसे. डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो, साधारण १ रुपया ३५ पैसे. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमागे ४२ किलो, म्हणजे २१ रुपये.

महिन्याला १०० युनिट, एक सिलिंडर आणि दुचाकीला १५ लिटर पेट्रोल वापरणाऱ्या घराला ३५, २१ आणि १७ असे ७३ रुपये महिना, म्हणजे वर्षाला ८८० च्या आसपास जादा पडतील. यात भाजी आणणाऱ्या टेम्पोचं डिझेल किंवा सिमेंट-सळईतून येणारी वाढ धरलेली नाही.

८. आम्ही आयकर भरतच नाही. मग आयकर उतरवून आमचं काय भलं होणार?

काहीच नाही. सोलापुरात या सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे.

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर (पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजार) आज आयकर लागत नाही. मागावरचा कामगार, कांडीवाली, घरी पाला आणून विडी वळणारी बाई, टॉवेल शिवणारी, रिक्षावाला हे कुणीच आयकराच्या जवळपासही जात नाहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त. अशा शहरात ‘प्रदूषणावर कर, आयकरात सूट’ असं सूत्र जसंच्या तसं लावलं, तर विडी वळणाऱ्या बाईच्या सिलिंडरचे पैसे आयकर भरणाऱ्या साहेबाला सूट म्हणून जातील. त्यामुळे दर किती, हा प्रश्न नंतरचा. परतावा कोणत्या वाटेने येणार, हे आधी विचारा.

इथल्या माणसाच्या पगारातून प्रत्यक्ष कापला जाणारा कर म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की १७५ रुपये आणि १०,००० च्या वर गेला की २०० रुपये (फेब्रुवारीत ३००), म्हणजे वर्षाला २,५०० कापले जातात. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी आहे. स्वतःचा धंदा करणारेही वर्षाला २,५०० भरतात. महिना ११ हजार मिळवणारा आणि ११ लाख मिळवणारा दोघांना एकच रक्कम! कमाईवरचा इतका आंधळा कर शोधून सापडायचा नाही. प्रश्न ७ मधल्या घराचा व्यवसाय कर माफ झाला, तर ८८० रुपये जाऊन २,५०० वाचतात.

पण विडी वळणारी बाई व्यवसाय करही भरत नाही. तिला परतावा द्यायचा तर रेशनकार्डावर माणशी ठरावीक रक्कम बँकेत जमा करणं हाच मार्ग उरतो. तिथे अडचण नेहमीची: आधार जोडणी तुटलेली, खातं बंद पडलेलं, नाव एका कार्डात आणि राहणं दुसऱ्या घरात. म्हणून पहिलं वर्ष रक्कम आधी द्यावी आणि कर सहा महिन्यांनी सुरू करावा. उलटं केलं की फ्रान्स होतं.

९. जर्मनीसारखी मालकाची वर्गणी, म्हणजे पीएफ कमी केला तर चालेल का?

नाही. तिकडची वर्गणी आजच्या निवृत्तांच्या पेन्शनला जाते. आपल्याकडचा पीएफ मुख्यतः त्या कामगाराचीच साठवण आहे. मालकाचे १२ टक्के उतरवले, तर प्रदूषण कराचा परतावा कामगाराच्या म्हातारपणातून दिल्यासारखं होईल. यंत्रमाग कामगारांच्या पीएफवरून सोलापुरात आधीच पुरेसे वाद झाले आहेत. सरकारने मालकाच्या हिश्श्याचा काही भाग स्वतः भरला तर गोष्ट वेगळी, पण मग नोंद असलेल्या कामगारांनाच फायदा मिळतो.

१०. माझे आठ माग आहेत. मला किती बसेल?

एका मागाला एक अश्वशक्तीची मोटर, दिवसाला १० तास, महिन्याला २५ दिवस असं धरा. ८ × ०.७४६ × २५० म्हणजे जवळपास १,४९० युनिट. कार्बन १ टनाच्या किंचित वर, कर महिना ५२० रुपये. तुमच्या मागाला दीड अश्वशक्तीची मोटर असेल तर ७८० धरा. मोटर पूर्ण भाराने चालत नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो. बिलावरचे युनिट बघून ०.३५ ने गुणा, हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

कर वाचवायचा तर पहिलं काम पुन्हा पुन्हा गुंडाळलेल्या जुन्या मोटरी बदलणं. दुसरं छतावरची सौर वीज. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळं छत लागतं आणि महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे आठ मागांना १२ किलोवॅट आणि १,२०० चौरस फूट. जुन्या शेडच्या पत्र्याला हा भार झेपतो का, ते आधी तपासून घ्या. छताची लोखंडी कैची गंजलेली असेल तर पॅनेलच्या खर्चात तिचा खर्च मिळवा.

एक विसंगती सांगायलाच हवी. राज्य सरकार यंत्रमागांना जोडभाराप्रमाणे (२७ अश्वशक्तीच्या आत आणि वर) युनिटमागे वीज सवलत देतं. एका हाताने युनिटवर सवलत आणि दुसऱ्या हाताने युनिटवर प्रदूषण कर, यात फक्त कारकुनी वाढते. तीच रक्कम युनिटशी न जोडता मागामागे ठरावीक दिली, तर मदत तेवढीच राहते आणि वीज वाचवणाऱ्याला फायदा होतो.

११. मी व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर चादरी विणून देतो. हा कर कुणाच्या अंगावर?

पहिले काही महिने तुमच्या. वीजबिल तुमच्या नावावर आणि मजुरीचा दर व्यापाऱ्याच्या हातात. दर नव्याने ठरेपर्यंत वाढ मागवाला सोसतो. नव्या कराची चाहूल लागली की मजुरीच्या करारात एक ओळ घाला: युनिटचा दर अमुकच्या वर गेल्यास नगामागे मजुरी तितकी वाढेल. किती, ते काढणं सोपं आहे. महिन्याचे युनिट भागिले महिन्याचे नग. एका चादरीला एक युनिट लागत असेल तर वाढ ३५ पैसे.

१२. डाइंगच्या सांडपाण्यावर कर कसा मोजणार? आम्ही पाणी घालून पातळ केलं तर?

म्हणूनच कर दाटपणावर कधीच लावू नये, एकूण भारावर लावावा. रोज ५० घनमीटर पाणी आणि सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम, म्हणजे १२.५ किलो. बोअरचं ५० घनमीटर पाणी मिसळलंत तर सीओडी १२५ वर येतो, पण १०० घनमीटरमागे भार तोच १२.५ किलो. वर बोअर उपसायची वीज फुकट जाते. नेदरलँड्सने १९७० च्या सुमारास सांडपाण्याच्या भारावर आकारणी सुरू केली, आणि कारखान्यांनी नदीत सोडायची घाण घटण्यामागे तिचा मोठा हात होता.

मोजमाप तीन ठिकाणी बिघडतं. पहिलं, प्रवाह. विद्युतचुंबकी फ्लोमीटर पाइप पूर्ण भरून वाहत असेल तरच बरोबर दाखवतो, आणि त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी हवी. वळणाला लागून बसवला की आकडे नाचतात. अर्ध्या भरलेल्या गटारीला व्ही आकाराची खाच बरी, तिच्यातल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह कळतो. दुसरं, नमुना. रंगाची टाकी सोडल्यावरचं पाणी आणि शेवटच्या धुण्याचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकदाच भरलेली बाटली काहीही सिद्ध करत नाही. दर तासाला थोडं थोडं घेऊन २४ तासांचा एकत्र नमुना लागतो.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं: मीठ. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ लागतं. हजार लिटरच्या बाथमध्ये ६० किलो! हे मीठ सीओडीत मोजलं जात नाही (उलट क्लोराइड जास्त असलं तर सीओडीची चाचणीच चुकते), आणि साध्या ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) ते निघत नाही. त्याला आरओ आणि बाष्पीभवन लागतं. आसपासच्या विहिरी खाऱ्या होतात त्या या मिठाने. कर फक्त सीओडीवर लावला तर मालक सीओडी उतरवेल आणि मीठ आहे तसं सोडेल. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या) भारावर वेगळा दर हवा.

१३. कोळशावर कर वाढला तर लोक बॉयलरमध्ये चिंध्या आणि टायर जाळतील, त्याचं काय?

जाळतीलच. एका इंधनावर कर लावून बाकीची मोकळी सोडली की भट्टी सगळ्यांत घाणेरड्या फुकट इंधनाकडे वळते. कार्बनचा कर खाणीच्या तोंडाशी किंवा बंदरावर घेता येतो, कारण इंधनाच्या वजनावरून कार्बन काढता येतो. धूळ आणि विषारी वायूंचं तसं नाही. ते भट्टीचं तापमान आणि बॅग फिल्टरवर अवलंबून असतात, तिथे धुराड्यावर मोजमाप किंवा सरळ बंदी हवी. टायर आणि प्लास्टिक जाळण्यावर कर नको, मनाईच हवी. कर लावला की परवानगी दिल्यासारखं होतं.

स्वीडनने १९९२ मध्ये मोठ्या बॉयलरांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर आकार लावला आणि जमा रक्कम त्याच बॉयलरवाल्यांना त्यांनी तयार केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत दिली. घाण करणारा देतो, स्वच्छ चालवणारा घेतो, धंद्याबाहेर पैसा जात नाही. डाइंगवाल्यांच्या गटाला हा नमुना पटण्यासारखा आहे.

साखर कारखान्यातला बगॅस (उसाचं चिपाड) कार्बनच्या हिशोबात धरला जात नाही, कारण तो कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. राख मात्र धरली पाहिजे. गाळप हंगामात कारखान्याजवळच्या वाळणाच्या कपड्यांवर ती दिसतेच.

१४. उजनीच्या पाण्यावर आणि उसावर कर लावणार का?

पाण्यावर, उसावर नव्हे. एक हेक्टर उसाला मोकाट पाण्याने साधारण २० हजार घनमीटर लागतं. कालव्याच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्रावर होते. पट्टी तेवढीच, मग पाणी थोडं घ्या की रात्रभर सोडून ठेवा. विहिरीवर ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून राज्याने वीज मोफत केली आहे. त्यामुळे एक घनमीटर वाचवण्याची किंमत शेतकऱ्याच्या दृष्टीने शून्य आहे.

वैयक्तिक मीटर ओढ्या-वाफ्यात टिकत नाहीत. चारीच्या तोंडाशी मोजून पाणीवापर संस्थेला घनमीटरवर पाणी विकणं हा मार्ग २००५ च्या कायद्यातच आहे. विजेसाठी पंजाबचा २०१८ चा प्रयोग पाहण्यासारखा आहे: पंपाला ठरावीक युनिटचा कोटा आणि त्यातून वाचवलेल्या प्रत्येक युनिटला शेतकऱ्याला ४ रुपये. फुकट वीज काढून न घेता वाचवण्याला किंमत आली.

ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागतो. एकूण उपशाला मर्यादा घातली नाही, तर अनुदानाचे पैसे गेले आणि धरण होतं तिथेच, असं होतं.

१५. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. मीटरप्रमाणे पाणीपट्टी लावली तर?

आधी रोजचं पाणी, मग मीटर. पाणी अधूनमधून सोडलं की रिकाम्या पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि साधं मीटर हवेवरही फिरतं. लोक हवेचे पैसे भरतात. मुख्य वाहिनीवर एअर व्हॉल्व्ह नीट असतील तर हे कमी होतं, पूर्ण जात नाही. शिवाय नळ महागला आणि बोअर फुकट राहिली, तर सोसायट्या बोअरकडे वळतील. माणशी ठरावीक पाणी स्वस्त आणि त्यावरच्या वापराला चढता दर, हे सूत्र ठीक आहे, पण एका नळावर चार बिऱ्हाडं असलेल्या चाळीत चढता दर गरिबालाच आधी गाठतो. तिथे बिऱ्हाडांची संख्या नोंदवूनच आकारणी हवी.

१६. एनटीपीसीचा धूर आमच्याकडे, वीज बाहेर. राज्य सरकार त्यावर कर लावू शकतं का?

एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या सोलापूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट आहे. वीज पश्चिम विभागातल्या अनेक राज्यांना जाते. राज्यसूचीतली नोंद ५३ विजेच्या वापरावर आणि विक्रीवर कर लावू देते. निर्मितीवर राज्यांनी कर लावू नये, अशी केंद्र सरकारची ठाम भूमिका आहे. हिमाचल प्रदेशाने जलविद्युत प्रकल्पांवर लावलेला पाणी उपकर तिथल्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

कोळशावरचा केंद्राचा कर वीज कंपनी करारातल्या ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली ग्राहकावर ढकलते. मग उपयोग काय? स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमवारीत कोळशाचा संच मागे सरकतो आणि कमी चालतो. राख आणि धूळ हा स्थानिक त्रास मात्र कार्बन कराने सुटत नाही. त्याला राखेच्या टनावर वेगळा आकार हवा.

१७. मग हे करायचं कुणी? केंद्र, राज्य की महापालिका?

शेती सोडून इतर उत्पन्नावरचा आयकर केंद्राचा. पेट्रोल-डिझेलवर केंद्र आणि राज्य दोघांचा कर. वीज शुल्क, वाहन कर आणि व्यवसाय कर राज्याचे. व्यवसाय कराला घटनेच्या कलम २७६ ने वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी पालिकेची. आणखी एक मेख: केंद्राने उपकर लावला तर त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, त्यामुळे परतावा देण्याची जबाबदारी राज्यावर आणि पैसा दिल्लीत, अशी स्थिती येते.

दिल्लीकडे न बघता महाराष्ट्राला एकट्याने करता येईल अशी एक अदलाबदल आहे: व्यवसाय कर उतरवायचा आणि वीज शुल्काची फेररचना करायची. आज घरगुती बिलावर १६ टक्के शुल्क लागतं. ते बिलाच्या रकमेवर आहे. कोळशाची वीज आणि सूर्याची वीज त्याला सारखीच दिसते. ते कार्बनच्या किलोवर नेलं, तर कायद्याचा मोठा डोंगर न चढता सुरुवात होते.

१८. प्रदूषण घटलं तर कराचं उत्पन्नही घटेल. मग तिजोरी कशी भरणार?

घटेल, आणि घटलं तरच कर कामाला आला. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीला १५ सेंट लावले आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक उतरला. तिजोरीला फारसं मिळालं नाही, रस्ते स्वच्छ झाले. विजेचा वापर मात्र असा एका फटक्यात पडत नाही, त्यामुळे उत्पन्न काही वर्षं टिकतं. दर महागाईशी जोडावा, दर तीन वर्षांनी फेरआढावा घ्यावा, आणि या पैशावर पगार किंवा पेन्शनसारखा कायमचा खर्च कधीही टांगू नये.

१९. टेरी टॉवेल युरोपला जातात. तिकडचा कार्बन सीमा कर लागेल का?

सध्या नाही. युरोपीय संघाची ही यंत्रणा (आयात मालामागच्या कार्बनवर आकार) १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली, पण ती लोखंड-पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्यापुरती आहे. कापड त्यात नाही. खरेदीदार तरीही वीज, इंधन आणि पाण्याचे आकडे मागतात, म्हणून किलो टॉवेलमागे युनिट, किलो कोळसा आणि लिटर पाणी अशी नोंद ठेवा.

२०. कार्बन क्रेडिटची योजना आली आहे ना? मग कर कशाला?

२०२३ च्या भारतीय योजनेत मोठ्या, नेमून दिलेल्या कारखान्यांना उत्पादनाच्या टनामागे उत्सर्जनाचं लक्ष्य मिळतं. लक्ष्याच्या खाली राहिलं तर क्रेडिट विकायचं, वर गेलं तर विकत घ्यायचं. सरकारी तिजोरीत त्यातून परताव्यासाठी काही येत नाही, आणि आठ मागांच्या कारखान्यापर्यंत ती पोहोचत नाही. एकाच कारखान्यावर दोन्ही लावायचं असेल तर क्रेडिटसाठी भरलेली रक्कम करातून वजा व्हायला हवी.

२१. जुन्या गाडीचा पर्यावरण कर हा यातलाच का?

नावापुरता. महाराष्ट्रात तो १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना लागतो. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या स्कूटरला आणि रोज ६० किलोमीटर पळणाऱ्या स्कूटरला तो सारखाच आहे.

२२. माझे माग भाड्याच्या शेडमध्ये आहेत. वीजबिल मालकाच्या नावावर, तो मागामागे ठरावीक रक्कम घेतो. मला परतावा कसा मिळेल?

कर तुम्ही भराल आणि बिलातून मिळणारा परतावा मालकाच्या नावावर जमा होईल. ही अडचण एकट्यादुकट्याची नाही, एका शेडमध्ये तीन-तीन भाडेकरू असतात. उपाय दोन. एक, स्वतंत्र वीजजोडणीसाठी अर्ज करा. त्याला भाडेकरार आणि मालकाची ना-हरकत लागते, आणि मालक बहुधा तिथेच अडतो, कारण मागामागच्या ठरावीक रकमेत त्याचंही थोडं सुटतं. दोन, प्रत्येक भाडेकरूला उपमीटर बसवून प्रत्यक्ष युनिटवर वाटणी करा आणि बिलातल्या प्रत्येक वजावटीची वाटणीही त्याच प्रमाणात होईल, असं भाडेकरारात लिहून घ्या. उपमीटर पडताळणी केलेला, शिक्का असलेला घ्या आणि पहिल्या महिन्यात सगळ्या उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी जुळते का ते पाहा. दोन-तीन टक्क्यांचा फरक तारांतल्या गळतीचा असतो. दहा टक्क्यांचा असेल तर कुणाचा तरी दिवा मीटरच्या आधीच जोडलेला आहे.